काकूंच्या खोलीतलं सॉकेट

६ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची. तीनशे किलोमीटर गाडी हाकली, मागे वायरची बंडलं आणि शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली हत्यारांची पेटी. पेटीला पट्टा लावायचा ही बाबांची शिस्त. माणूस आपला आपण सावरतो, पेटी उडाली तर कुणाचा तरी पाय मोडते, असं ते म्हणायचे. बाबांना जाऊन वर्ष झालं. आमचं दुकान बंद केल्यापासून मिळेल तिथलं काम घेते आहे, पण राहायला खोली देणारं काम हे पहिलंच.

घर चढावर, रस्त्याच्या टोकाला. बैठं, पाच खोल्यांचं. बाहेरून काही विशेष नाही, पण आत पाऊल टाकलं आणि मी खूश झाले. प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायाशी वीतभर उंच लाकडी पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, वस्त्राला काठ असावा तशी घरभर फिरलेली. जुनं, घट्ट लाकूड, कोपरे असे जुळवलेले की नखही जाणार नाही. आणि त्या पट्टीतच, जमिनीपासून चार बोटांवर, सगळी सॉकेटं. हल्ली असं कुणी बसवत नाही. त्या काळी हौस होती, भिंतीवर काही दिसू नये म्हणून.

दार घरमालकांनी उघडलं. ऐंशीच्या पुढचे, बारीक, चष्मा कपाळावर. वायरमन येणार असं त्यांच्या मुलीनं कळवलं होतं, त्यामुळे ते बराच वेळ माझ्या मागे बघत राहिले. मी म्हटलं, मागे फक्त गाडी आहे काका, वायरमन मीच. त्यावर ते इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आला, आणि त्यांनी लगेच मला मिस्त्रीणबाई करून टाकलं.

काका बाइंडर. पन्नासएक वर्षं वह्या-पुस्तकं बांधली, अजून अंगाला चिकटवायच्या सरसाचा वास येतो. मी रोज चार ओळी लिहिते हे कळल्यावर आत गेले आणि ही वही घेऊन आले. स्वतः बांधलेली. उघडली की सपाट पडते, पान हातानं धरावं लागत नाही. माझी जुनी वही हिच्यापुढे अगदीच गरीब दिसते.

माझी खोली मागच्या बाजूला. खिडकीतून उतारावरची छपरं दिसतात. इथे बरं वाटणार आहे मला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज नुसती पाहणी. घरात अकरा सॉकेटं, अकराही स्कर्टिंगवर. सकाळीच काकांच्या मुलीचा फोन आला. ताई लांबच्या शहरात नोकरी करतात. दोन महिन्यांपूर्वी काका इस्त्रीचा प्लग लावायला वाकले आणि चक्कर येऊन पडले, तेव्हापासून ताईंनी ध्यास घेतला आहे की सगळी सॉकेटं वर घ्या, खाली एकही नको. त्यांचं खरं आहे. खाली सॉकेट असलं की फरशी पुसताना पाणी जातं, वायर जमिनीला घासून मुडपते, येताजाता पाय लागून प्लग निघतो. शिवाय लाकूड वाळून काडीसारखं झालेलं. एक ठिणगी पुरे.

काकांची मागणी वेगळीच. मधली खोली त्यांच्या बायकोची, काकूंची. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. पलंग तसाच आहे, चादरही रोज बदलतात. त्या खोलीत एकच सॉकेट, पलंगाच्या उशाशी. काकांना तिथे चौदा हवीत. मी दोनदा विचारलं. चौदाच. म्हटलं, एवढ्यात लहानसा छापखाना चालेल. या वेळी ते हसले नाहीत. आणि उशाचं जुनं सॉकेट मात्र हलवायचं नाही, म्हणाले.

मुलगी म्हणते एकही नको, बाप म्हणतो ते राहू दे. अशा वेळी शहाण्या मिस्त्रीनं ती खोली सगळ्यात शेवटी घ्यावी. तसंच ठरवलं.

कामाची पद्धत सांगितली. रोज दहाला मेन स्विच बंद, चारला चालू. काकांनी विचारलं, मेन बंद न करता होणार नाही का. मी म्हटलं, करंट ओळखपाळख बघत नाही. त्यावर ते हातातली कात्री उघडत-मिटत बसले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुढच्या खोलीपासून सुरुवात. जुनं स्कर्टिंग न फोडता काढणं हेच निम्मं काम. पातळ पटाशी आत सरकवायची, दोन बोटं पुढे जायचं, पुन्हा सरकवायची. घाई केली की पट्टी उभी चिरते. मागे मऊ चुना आणि कापडी वेष्टणाची वायर, हात लावला की वेष्टण भुगा होऊन पडतं. तीन फुटांवर नवा बॉक्स, तिथवर भिंतीत झिरी मारायची, पाइप टाकायचा, आणि खालचं भोक त्याच रंगाच्या लाकडाच्या तुकड्यानं बुजवायचं. चार वाजेपर्यंत दोन झाली. नंतर एक तुकडा कुठे बसवला ते मलाच शोधावं लागलं. बाबांना दाखवायला हवं होतं.

झाडलोटीला एक मावशी येतात. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची एक तऱ्हा लक्षात आली. त्या झाडू भिंतीपर्यंत नेत नाहीत. सगळीकडे हातभर कड सोडतात, आणि मग ती कड गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं पुसतात, बोटांनी चाचपत. माझ्या चुन्याचा सडासुद्धा तसाच पुसत होत्या. मी म्हटलं, मावशी, झाडू मारा की, मी तर उद्या परत घाण करणार आहे. त्या म्हणाल्या, भिंतीला झाडू लावत नाही मी.

मेन बंद होता तो सगळा वेळ काका काकूंच्या खोलीत होते. पलंगावर नाही. खाली, सॉकेटशेजारी, भिंतीला पाठ लावून. चारला उठवायला गेले तर त्यांना धाप लागली होती. वय आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

एक गोष्ट जुळत नाही, म्हणून लिहून ठेवते. काम संपलं की मेन चालू करून मी प्रत्येक लाइनीवर मीटर लावून बघते. या मीटरला चिमटा असतो. तो वायरभोवती धरला की आतून किती करंट जातोय ते आकड्यात दिसतं. आज घरातलं सगळं बंद केलं होतं, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला होता. चार लाइनींवर शून्य आलं. काकूंच्या खोलीच्या लाइनीवर दीड अँपिअर.

दीड म्हणजे चांगलं मोठं यंत्र. त्या खोलीत दिवासुद्धा लावलेला नव्हता. बरं, आकडा एका जागी राहील तर शपथ. दीड, मग पाव, मग दीड, मग पाव. मीटरच्या बॅटऱ्या बदलल्या. तेच.

उंदरांनी वायर कुरतडली असेल. सोमवारी बघते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उंदीर नाहीत. उशाचं सॉकेट उघडलं, आत स्वच्छ. वायरी सोडवल्या, टोकांना टेप लावून वेगवेगळ्या ठेवल्या. म्हणजे वायर तिथे संपली, पुढे काही नाही. नळ कापून तोंडाला बूच मारल्यावर पाणी वाहायला नको.

मीटर लावला. दीड, पाव. दीड, पाव.

घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अठरा वेळा. मोजता मोजता लक्षात आलं की मीही त्याच लयीत श्वास घेते आहे.

वायरी परत जोडून टाकल्या. का जोडल्या ते सांगता येणार नाही. तशा सोडून यायला बरं वाटेना.

दुपारी मावशी ओट्यावर पाणी प्यायला थांबल्या तेव्हा विचारलं, त्या खोलीत पूर्वी कसलं यंत्र होतं. त्यांनी पेला खाली ठेवला. काकूंची फुप्फुसं निकामी झाली होती, म्हणाल्या. ऑक्सिजनचं मशीन आठ प्रहर चालू असायचं, त्या एका सॉकेटवर. चार वर्षांपूर्वी एका दुपारी मावशी ती खोली झाडून गेल्या. तासाभरानं कळलं की प्लग निघालेला होता आणि काकू गेल्या होत्या. काका म्हणाले, झाडू लागला असणार. कुणी तक्रार केली नाही, कामावरूनही काढलं नाही.

मावशी म्हणाल्या, ते रागावले असते तर बरं झालं असतं. झाडू लागल्याचं मला आठवत नाही. पण ते म्हणाले म्हणजे लागला असेल. रोज आठवून बघते, कुठे लागला ते.

पेला विसळून पालथा घातला आणि गेल्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

स्वयंपाकघर पूर्ण झालं. आता फक्त ती खोली.

मेन बंद होता. काका खाली बसलेले, डोळे मिटून. मी त्यांना न उठवता पलंगाच्या दुसऱ्या अंगाला स्कर्टिंगचे खिळे बघायला पोटावर पडले. कान लाकडाला लागला.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. वारा कसा वाजतो ते मला माहीत आहे, जुन्या भिंतींत तो नेहमीच वाजतो. हा ओला होता, ओढून घेतलेला, शेवटी अडकणारा. आजारी माणसाचा. बाबांच्या उशाशी मी असा बारा दिवस ऐकला आहे.

उठले आणि काकांकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते. त्या आतल्या श्वासाबरोबर त्यांची छाती खाली जात होती. भरत नव्हती, नुसती खाली जात होती.

धावत जाऊन मेन चालू केला. परत येईपर्यंत त्यांच्या ओठांवर रंग आला होता. त्यांनी पाणी मागितलं. मग हळूच विचारलं, आज चारच्या आधीच लावलीस का लाइट.

म्हणजे गेले सहा दिवस, रोज सहा तास, मी

लिहवत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज मेनला हात लावला नाही. सकाळी काकांसमोर बसले आणि सरळ विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. जणू कुणी विचारावं म्हणूनच थांबले होते.

मशीन एकाच सॉकेटवर. काकूंना एकटं वाटू नये म्हणून काका आपलं बांधणीचं काम त्याच खोलीत घेऊन बसायचे. त्या दुपारी शाळेचे चोवीस हजेरीपट बांधायचे होते. सरस आळायला लागला. सरसाचं भांडं विजेवरचं, आणि खोलीत दुसरं सॉकेट नाही. काकूंना नुकती झोप लागली होती. त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि भांड्याचा लावला. दोन मिनिटं. मशीनला आतली बॅटरी आहे, तेवढी सहज चालेल असं त्यांना सांगितलेलं होतं. ती बॅटरी कधीच मेली होती. करंट गेला की मशीन शिट्टी वाजवायचं, पण त्या शिट्टीनं काकूंची झोपमोड व्हायची म्हणून ती काकांनीच बंद करून घेतली होती.

सरस पातळ झाला. गरम आहे तोवर लावायला हवा, म्हणून भांडं उचलून ते पुढच्या खोलीत गेले, तिथे हजेरीपट दाबात होते. चोवीसही बांधून झाले. मग हात धुताना त्यांना आठवलं.

मावशी त्याच दुपारी झाडून गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, म्हणाले. एकदा निघालं ते निघालंच. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग तेराव्या, मग वर्षानं. ती बाई रोज माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून भिंती पुसते, आणि मी बघतो, म्हणाले.

मी विचारलं, आणि आता भिंतीत जे आहे ते?

ते म्हणाले, "तिला श्वास लागतो. लाइट असली की लाइट घेते. लाइट नसली की माझा घेते. तिला कळत नाही गं. झोपेतच आहे ती अजून."

चौदा सॉकेटं कशासाठी ते मग विचारलं नाही.

उठताना त्यांनी माझा हात धरला. मावशींना सांगशील का, म्हणाले, माझ्यानं होत नाही. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, मी शेजारी उभी राहते. उद्या सांगू, असं ठरलं. त्यांना हलकं वाटलेलं दिसलं. दुपारी दोन घास जास्त जेवले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशी अकराला येणार होत्या. दहाला मी स्क्रू आणायला बाजारात गेले. काकांनीच पाठवलं. पितळीच आण, म्हणाले.

परत आले तेव्हा फ्रिजचा आवाज नव्हता. मेन खाली केलेला होता. मी नव्हता केला.

ते उशाशी होते. कुशीवर, गाल स्कर्टिंगला टेकलेला, तळहात सॉकेटवर पसरलेला. चष्मा नीट घडी करून बाजूला ठेवलेला. चेहऱ्यावर त्रास दिसत नव्हता, एवढं ताईंना फोनवर सांगितलं, आणि ते खरं आहे.

मेन वर केला. मीटर लावला. दीड, पाव. दीड, पाव.

त्यांनी सगळा दिला आणि तरी तिला पुरला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

ताई आल्या. सगळं उरकलं. त्या घरात थांबू शकल्या नाहीत, मैत्रिणीकडे उतरल्या आहेत. उंबऱ्यात उभं राहून मधल्या खोलीकडे न बघता म्हणाल्या की ते सॉकेट तेवढं काढून टाका आणि गुरुवारी संध्याकाळी किल्ली द्या. मी हो म्हटलं.

मग मावशींच्या घरी गेले. त्या कपडे पिळत होत्या. सगळं सांगितलं, काकांच्या शब्दांत, हजेरीपटांसकट. त्या पिळत राहिल्या, पाणी संपलं तरी पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, परत सांग. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, म्हणजे झाडू लागलाच नव्हता?

नव्हता, मावशी.

त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसल्या, उलटसुलट करून. चार वर्षं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी निघाले तेव्हाही तशाच बसल्या होत्या.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आकडे बदलले आहेत. मिनिटाला सव्वीस. घाईचे, वरवरचे. माणूस जागा होऊन खोलीत कुणी नाही हे कळल्यावर घेतो तसे.

मेनपाशी त्या लाइनीची वायर कापायला दोनदा बसले. पकड लावली, दाबता आली नाही. मी दाबली तर काकांनी केलं त्याहून वेगळं काय? त्यांना निदान माहीत नव्हतं.

चढ चढताना मला आज तीनदा थांबावं लागलं. पहिल्या दिवशी दोन बंडलं खांद्यावर घेऊन चढले होते.

२२ ऑक्टोबर, बुधवार

वीजवाले दाराला कागद लावून गेले आहेत. उद्या सकाळी दहा ते पाच या रस्त्याची लाइट बंद, खांब बदलायचे आहेत.

सात तास.

पेटी गाडीत टाकून आत्ता निघून जाता येईल. ताईंना किल्ली आज दिली तरी चालेल. कोण जाब विचारणार आहे.

बाबा गेले तेव्हा मी दहा मिनिटं चहाला बाहेर गेले होते. बारा दिवसांत तेवढीच दहा मिनिटं. नर्स म्हणाली, ते दाराकडे बघत होते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, वहीतसुद्धा नाही.

बाजारातून एक मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर आणला. हिशोब केला. तेवढ्या ओढीला नऊ तास पुरेल. पुरायला हवी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दहा वाजता. लाइट गेली. इन्व्हर्टर त्या लाइनीला जोडला आहे. बॅटरीवर चार हिरवे दिवे. पलंगाशेजारी खाली बसले आहे, काका बसायचे तिथे. बाहेर खांबवाल्यांचे आवाज येतात. ऊन आहे. भीती वाटावी असं काही नाही.

पावणेअकरा. तीन दिवे. हिशोबाप्रमाणे इतक्यात जायला नको होता. मीटर तीन दाखवतो आहे. आता पाव नाही, मधे उतरतच नाही. घटाघटा घेतेय.

सव्वाअकरा. दोन.

पुन्हा हिशोब केला. चुकलं काही नाही. ती जास्त घेते आहे, एवढंच. घाबरली आहे.

साडेअकरा. उठून दारापर्यंत जाऊन बघितलं. नऊ पावलं. पाचव्याला बसावं लागलं. परत आले — परत येताना धाप लागली नाही. या भिंतीकडे यायला त्रास होत नाही.

पावणेबारा. एक दिवा. मावशींना फोन लावला. बोलायला आवाज पुरेना. त्या हॅलो हॅलो म्हणत राहिल्या. मग कोण ते ओळखलं असावं. येते, म्हणाल्या. चढ आहे. त्यांना अर्धा तास लागेल.

बारा. दिवा लाल.

तिला सांगायला सुरुवात केली. तोंड लाकडाशी नेऊन. काकू, मी वायरचं काम करते. तुम्ही झोपेत होतात. प्लग काकांनी काढला — मुद्दाम नाही — सरस आळत होता — दोन मिनिटांसाठी —

ती ऐकते आहे. सव्वीसचे वीस झाले.

बारा दहा. बॅटरी संपली. इन्व्हर्टर एकदा ओरडला आणि गप्प.

आता माझा. काका म्हणाले तसंच आहे. दुखत मात्र नाही. कुणीतरी हळूच पदर ओढावा तसं छातीतून —

सांगते आहे. काका गेले. तुमच्याजवळच गेले. चार वर्षं इथे बसत होते. तुम्ही एकट्या नव्हतात काकू. आता जागं राहायचं कारण नाही. मी आहे. बाहेर जात नाही मी.

चौदा. बारा.

लिहीत राहिलं की बरं वाटतं. अक्षर बिघडलंय.

नऊ. मधे किती वेळ जातो. तिचा आणि माझा आता वेगळा ओळखू येत नाही — एकदम वर, एकदम खाली — बाबांचा असाच —

मावशींचा आवाज. फाटकाशी. हाक मारतायत

सहा

काकू, झोपा

चार

थांबला.

थांबला. लाकडाला कान लावला. काहीच नाही. गेल्या त्या. किती शांत झालं. मावशी दार वाजवतायत, कडी आतून आहे. उठते. आता उठता येईल. आधी एक मोठा श्वास घेते आणि